सुरीवरच्या रेघा

जळगाव जामोद
१९ ऑक्टोबर २०२४

सर,

नमस्कार. मी संजीवनी. तुम्ही रिटायर होण्याच्या आदल्या वर्षीची आयटीआयची बॅच. वर्गात एकटी मुलगी, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही जिला बांगड्या काढून खिडकीत ठेवायला लावल्या होत्या, ती. त्या बांगड्या नंतर कुठे गेल्या ते आजवर कळलं नाही.

फोनच करणार होते. पण ज्यांच्याकडून तुमचा पत्ता मिळाला ते म्हणाले, सरांना आता फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलला ते हातही लावत नाहीत, पत्र लिही. तसंही तुम्ही लोखंड पाहिल्याशिवाय बोलायचा नाहीत. म्हणून सोबत एक तुकडा पाठवते आहे. आधी तो पाहा, मग पुढचं वाचा.

चार वर्षांपासून मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये आहे. मालक शेखरभाऊ. जिनिंगमध्ये सरकीवरून कापूस ओढून काढणाऱ्या ज्या लांब सुऱ्या असतात, त्या हंगामाआधी आमच्याकडे घासायला येतात. पहिली दोन वर्षं मी त्या फक्त पुसायची आणि मोजायची. मग ग्रायंडरवरचा माणूस सुरतला गेला, दुसरा कोणी मिळेना, तेव्हा शेखरभाऊंनी नाइलाजाने मशीन मला दिली. त्यानंतर दोन वर्षांत एकही सुरी परत आली नाही. फुशारकी मारत नाही, तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगते.

दसऱ्यानंतर मात्र सुरीवर रेघा उमटायला लागल्या. दिसायला चकचकीत, पण नख आडवं फिरवलं की बारीक लाटा लागतात, सगळ्या सारख्या अंतरावर. त्यांत कापसाचा तंतू अडकून तुटतो. परवा जिनिंगवाल्याने पहिला गठ्ठा परत पाठवला.

काय बदललं म्हणाल तर काहीच नाही. उलट खंडेनवमीला मी मशीन अशी घासूनपुसून काढली की तुम्हीही मान डोलावली असती. देवघर एक दिवस राहिलं तरी चालेल, मशीन राहता कामा नये, असं तुम्हीच म्हणायचात. मी तर घासायचं चाक ज्यात बसतं ते वरचं डोकं लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, मागचे चार बोल्ट ढिले करून तिथला वर्षानुवर्षांचा चिकटासुद्धा काढला. बोल्ट पुन्हा सारखे आवळलेत, ते आधी तपासलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पुढच्या कामापासून हे सुरू.

शेखरभाऊ काल सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना तं अंगन वाकडं. तीस वर्सांपासून मशीन चालून राह्यली, अन् तुह्याच हातात काऊन थरथरून राह्यली?" कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मुदत दिलीय. तोवर रेघा गेल्या नाहीत तर खामगावहून माणूस आणणार आणि मी पुन्हा पुसायला आणि मोजायला. तेवढ्यासाठी मला घरून कोणी बाहेर पडू देणार नाही. सासूबाई म्हणतातच, मेथीच्या जुड्या बांधायला माणूस हवाच आहे.

मी खूप विचार केला सर, आणि आता मलाच समजेनासं झालंय. दोष माझ्या हातात आहे का? असेल तर तसं स्पष्ट लिहा.

तुमची विद्यार्थिनी,
संजीवनी


जानेफळ
२३ ऑक्टोबर २०२४

चि. संजीवनी, आशीर्वाद.

तुकडा मिळाला. पोस्टमनने पाकीट दोन्ही हातांनी उचलून दिलं आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही म्हटल्यावर त्याने बॉम्ब फुटल्यासारखे हात केले. उघडून दाखवला, तेव्हा गेला.

आधी महत्त्वाचं. दोष तुझ्या हाताचा नाही. मी भिंग लावून रेघा मोजल्या. इंचाला नऊ, या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ. माणसाच्या हातची चूक इतक्या शिस्तीत येत नाही, ती कुठे दाट कुठे विरळ असते. हे मशीनमधलं काहीतरी थरथरतंय. पण शेखरला नुसतं सांगून पटणार नाही. त्याला डोळ्यांनी दाखवावं लागेल.

स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भर आणि मशीनच्या टेबलावर ठेव. चाक चालू कर, टेबल थांबलेलंच राहू दे. पाण्यावर लहरी उठतात का पाहा. उठल्या तर चाक काढ आणि मशीन रिकामीच फिरव. लहरी थांबल्या तर चाकाचा तोल गेलाय, नाही थांबल्या तर पुढे शोधायचं. चाक काढशील तेव्हा लाकडी मुठीने हळूच ठोकून आवाजही ऐक. खणखणीत असेल तर तडा नाही. माझ्या कानांचा आता उपयोग नाही, तुझे वापर.

बस स्टँडच्या मागचं, दारात कडुनिंबाचं मोठं झाड असलेलं, तेच ना वर्कशॉप?

आणि डोक्यामागून चिकट्याशिवाय आणखी काय निघालं होतं? सहज विचारतो.

उकंडराव


जळगाव जामोद
२७ ऑक्टोबर २०२४

सर,

तुमचं पहिलं वाक्य मी बसमध्ये उभी राहून वाचलं आणि घरी जाऊन पुन्हा वाचलं. दोष तुझ्या हाताचा नाही. गोविंदांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी तं हेच म्हनून राह्यलो होतो." नवऱ्याने म्हटलेलं आणि सरांनी म्हटलेलं यात फरक असतो, हे त्यांना काय सांगायचं!

पेल्याचा प्रयोग केला. चाक सुरू केलं की पाण्यावर गोल गोल लहरी. चाक काढून मशीन रिकामी फिरवली, तरी लहरी तेवढ्याच. चाक ठोकून पाहिलं, आवाज घंटेसारखा. म्हणजे चाक निर्दोष आहे, असंच ना? शेखरभाऊ येऊन पेल्याकडे बघून म्हणाले, "पानी पाजून राह्यली का मशीनले?" आणि सगळे हसले. मीही हसले. न हसून करते काय?

वर्कशॉप तेच. पण झाड आता नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा तोडलं. तुम्हाला कसं माहीत? शेखरभाऊंना तुम्ही नुसतं शेखर लिहिलंत, त्याचंही मला नवल वाटलं.

डोक्यामागून काय निघणार? चिकटा, मेलेली पाल, उंदराच्या लेंड्या, आणि कोणत्या तरी एक्स-रेची कापलेली काळी पट्टी, तीही तेलाने लडबडलेली. सगळं सुपात भरून फेकून दिलं.

सर, आता पुढे काय शोधू? दिवाळी तोंडावर आहे. पहाटे मेथी काढायची, जुड्या बांधायच्या, गोविंदा बाजारात गेले की मी बस पकडायची, दिवसभर उभं राहून सुऱ्या घासायच्या आणि त्याच सुऱ्या नखाने तपासून स्वतःच बाद करायच्या. दमले आहे. कामाने माणूस इतकं दमत नाही, सर. बाद झालेल्या कामाने दमतं.

संजीवनी


जानेफळ
३० ऑक्टोबर २०२४

चि. संजीवनी, आशीर्वाद.

चाक निर्दोष आहे हे कळलं. आता बेल्टकडे बघ. मोटर आणि डोकं यांच्यामध्ये दोन बेल्ट असतील. एक तुटला की लोक एकच नवा टाकतात आणि जुना तसाच ठेवतात. मग दोघांची ओढ सारखी राहत नाही. दोन्ही एकदम नवे टाक. तरीही लहरी राहिल्या तर बेल्ट काढून नुसती मोटर चालव आणि पेला पाहा.

या कामाला वेळ लागतो. घाई करू नकोस.

इकडे तुझ्या काकूंचे पाय सुजले आहेत. दिवाळीचं फार काही केलं नाही. चकल्या शेजारून आल्या.

उकंडराव


जळगाव जामोद
४ नोव्हेंबर २०२४

सर,

दोन्ही बेल्ट नवे टाकले. रेघा तशाच. मग बेल्ट काढून नुसती मोटर चालवली. पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. बेल्ट चढवून चाकाशिवाय डोकं फिरवलं की लगेच लहरी.

आता तुम्हीच शिकवलंत तसं मोजते. चाक नाही. बेल्ट नाहीत. मोटर नाही. राहिलं फक्त डोकं. आणि दोन आठवडे होत आले, तुम्ही मला चाक, बेल्ट, मोटर सगळीकडे फिरवलंत, पण डोकं तपासायला एकदाही सांगितलं नाही. रागावू नका सर, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय. वर्गात मी असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतं.

आमच्याकडे कलाबाई आहेत, चहा करतात आणि झाडझूड करतात, शेखरभाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून. काल मी पेल्याकडे बघत बसले होते, तर त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "पोरी, ह्या मशीनवर पहिले बी असंच झालतं. महादेवराव होते तवा. लय चांगला मानूस. पन त्याच्या हातानं रेघा उठू लागल्या. मोठ्या मालकानं तीन हप्ते पाह्यलं अन् काढून टाकलं. तो गेला अन् मशीन चांगली चालाले लागली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुह्यासंगं बी असंच होते का काय, मले भेव वाटते."

मी विचारलं, ते महादेवराव आता कुठे असतात? तर इथेच, गावाबाहेर, एका संत्र्याच्या बागेत राखण करतात.

तेव्हापासून मला झोप नाही. त्यांचा हात खरंच वाईट होता का हो? की तेव्हाही डोक्यातच काही होतं आणि कोणी पाहिलं नाही? कोणी पाहिलं असतं तर ते आज बागेत बसले नसते. माझं तर ठरलेलंच आहे, पौर्णिमेला अकरा दिवस उरलेत.

डोकं उतरवू का? काय तपासू? एवढंच लिहा.

संजीवनी


जानेफळ
८ नोव्हेंबर २०२४

चि. संजीवनी,

तब्येत बरी नाही. डोकं उतरवू नकोस. चार दिवस थांब.

उकंडराव


जळगाव जामोद
११ नोव्हेंबर २०२४

सर,

स्पीड पोस्टने पाठवते आहे, कारण वेळ उरलेला नाही.

कशासाठी थांबू? खामगावचा माणूस काल येऊन मशीन बघून गेला. शेखरभाऊंनी मला विचारलंसुद्धा, की पुसायला तेच जुनं टेबल चालेल ना. आवाज चढवून नाही, चांगुलपणाने विचारलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तुम्ही आजारी आहात, तुम्हाला त्रास देते आहे, हे कळतं मला. पण तुम्हालाही आता वाटायला लागलंय का, की दोष माझाच आहे आणि तोंडावर सांगायला जड जातंय? पहिल्या पत्रात तुम्ही एवढं ठामपणे लिहिलंत, आणि मग पत्रागणिक ओळी कमी होत गेल्या. शेवटच्या पत्रात तर आशीर्वादही नव्हता.

तसं असेल तर लिहून टाका. वाईट वाटून घेण्याचीही ताकद राहिलेली नाही. निदान शोधणं थांबेल.

संजीवनी


जानेफळ
१३ नोव्हेंबर २०२४

चि. संजीवनी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हे उद्या सकाळी आमच्या गावचा एक माणूस जळगाव जामोदला घेऊन निघतोय, त्याच्या हाती देतो. पोस्टावर सोडवत नाही.

दोष तुझा नाही. पहिल्या दिवशी लिहिलं तेच आज लिहितो. आता बाकीचंही लिहितो.

डोक्यामागून काढून जी काळी पट्टी तू फेकलीस, ती मी ठेवली होती. एक्स-रे तुझ्या काकूंच्या छातीचा होता.

आयटीआयच्या आधी मी त्याच वर्कशॉपमध्ये फिटर होतो. शेखर तेव्हा हाफपँटमध्ये झाडाखाली गोट्या खेळायचा. ग्रायंडरवर महादेवराव. त्याच्यासारखा कारागीर मी पुढे पाहिला नाही, आयटीआयतल्या इतक्या बॅचेसमध्येही नाही. १९९० साली तो भावाच्या लग्नाला गेला असताना मी डोक्याचं बेअरिंग बदलायला घेतलं. खाली लाकडी ठोकळे ठेवायचे असतात. तू साध्या साफसफाईला ठेवलेस ना, तसे. मी ठेवले नाहीत. जेवणाची सुट्टी होती, मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. डोकं जिला टांगलं होतं ती साखळी सरकली आणि डोकं टेबलावर आदळलं. बघायला कोणी नव्हतं. बाहेरून काही दिसतही नव्हतं. पण डोकं जिथे मागे टेकतं, ती जागा एका कोपऱ्यात दबली होती, पुठ्ठ्याच्या जाडीइतकी. बोल्ट कितीही आवळ, तिथे पोकळी राहतेच. चाक फिरलं की त्या पोकळीपायी सगळं थरथरतं. मी डोकं बसवलं, पुसलं आणि गप्प राहिलो.

महादेवराव लग्नाहून आला आणि त्याच्या कामावर रेघा उठायला लागल्या. मोठे मालक म्हणाले, "लग्नात काय पिऊन आला बे महादेव?" तो पीत नव्हता. तीन आठवडे त्याने तेच केलं जे तू करते आहेस. चाक पाहिलं, बेल्ट पाहिले. मलाच विचारायचा, "उकंडराव, माह्यं काय चुकून राह्यलं हो?" मी म्हणायचो, बघू. मला आयटीआयची नोकरी लागत होती आणि मोठ्या मालकांकडून अनुभवाचा दाखला हवा होता. तेवढ्यासाठी. बायकापोरं उपाशी होती असं काही नव्हतं.

त्याला काढलं. पुढच्या सुट्टीला मी एकटाच जाऊन त्या पोकळीत एक्स-रेची पट्टी सरकवली. मशीन शांत झाली. आणि त्यामुळेच त्याच्यावरचा डाग पक्का झाला. माणूस गेला आणि रेघा गेल्या, मग आणखी पुरावा कशाला हवा? मी त्याला दोषी ठरवायला नव्हतो गेलो. पण झालं तेच.

तुझं पहिलं पत्र वाचलं, तू मागचे बोल्ट ढिले केलेस हे वाचलं, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी तुला चाक काढायला लावलं, बेल्ट बदलायला लावले. रोज वाटायचं, देवा, दुसरंच काही निघू दे. तू झाडाबद्दल विचारलंस, कलाबाईचं लिहिलंस, मला वाटलं हिला कळलंय आणि ही माझ्याच तोंडून वदवून घेते आहे. चोराच्या मनात चांदणं. महादेवराव तिथेच बागेत आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नाही, असं म्हण.

आता काम सांगतो. डोकं ठोकळ्यांवर टेकव. मागचा खालचा, डाव्या हाताचा बोल्ट ढिला कर. एक्स-रेची बोटभर रुंद पट्टी काप, दुहेरी कर, खालच्या बाजूने सरकव आणि चारही बोल्ट तिरपे-तिरपे आवळ. अर्ध्या तासाचं काम आहे. कोणाला काही सांगायची गरज नाही. मशीन चालेल आणि तुझी जागा राहील. वाटलं तर हे पत्र शेखरला दाखव, नाहीतर चुलीत घाल. काय करायचं ते तू ठरव. माझ्याने आता ठरवणं होत नाही. मी फार थकलो आहे.

उकंडराव


जळगाव जामोद
१९ नोव्हेंबर २०२४

सर,

पत्र चौदा तारखेला दुपारी मिळालं. मशीनजवळ उभी राहूनच वाचलं. सुरुवातीला काही कळेना, कारण मी फक्त कामाची ओळ शोधत होते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खरं सांगते, तुमचा फार राग आला. अजून आहे. राग आहे म्हणूनच पाच दिवस लिहिलं नाही.

रात्री सासूबाईंच्या गुडघ्याच्या एक्स-रेची पट्टी कापून घेतली. पौर्णिमेला सकाळी तुम्ही सांगितलं तसं केलं. पेल्यातलं पाणी थिजल्यासारखं झालं. सुरी घासली, नख फिरवलं, काही नाही. शेखरभाऊंना बोलावलं. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला आणि एकदम खूश झाले. "पाह्य, बसला का नाई हात? मी म्हनलं होतं, मन लावून कर म्हनून." कलाबाईंना सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितला. खामगावच्या माणसाला माझ्यासमोरच फोन करून येऊ नको म्हणाले.

मी चहाचा कप हातात धरून उभी होते. सगळं मिळालं होतं मला, जे हवं होतं ते. आणि तेव्हा कळलं, की हा चहा मी प्यायले तर दोष माझ्याच हाताचा होता हे कायमचं ठरेल. पुढच्या वेळी काहीही बिघडलं की हेच निघेल, 'तवा बी हिचा हात बसत नव्हता.' महादेवराव गेल्यावर मशीन सुधारली, तसंच. तुम्ही लिहिलंत, कोणाला सांगायची गरज नाही. मला गरज होती, सर.

कप खाली ठेवला. म्हटलं, थांबा सगळे. बोल्ट ढिला केला, पट्टी ओढून काढली, शेखरभाऊंच्या हातात दिली. पुन्हा आवळलं, दुसरी सुरी घासली. रेघा. त्यांनाच नख फिरवायला लावलं. मग पट्टी परत बसवली, तिसरी सुरी घासली. साफ. तिन्ही सुऱ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, आता सांगा, हात कोणाचा वाईट?

सगळे एकेक सुरी नखाने तपासू लागले. मग शेखरभाऊ म्हणाले, "पन ही पट्टी हिथं ठेवली कोनं होती?"

मी तुमचं पत्र दिलं. चुलीत घालायचं की दाखवायचं, हे ठरवायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. टाकायला नको होतं. पण टाकलंत, तर मी ठरवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. हाफपँटीची ओळ आली तेव्हा थोडे हसले, मग हसू गेलं. म्हणाले, "म्हंजे माह्या बापानं चुकीच्या मानसाले काढलं." बाहेर गेले. आत आले तेव्हा मला फक्त एवढं म्हणाले, "मशीन तुहीच हाय. अन् मी जे बोललो ते बोलाले नको होतं." शेखरभाऊंकडून एवढंच खूप आहे.

मी इथेच थांबणार होते. पण कलाबाई थांबू देईनात. रविवारी आम्ही दोघी महादेवरावांकडे गेलो. बागेच्या कडेला दोन खोल्या, पुढे हातपंप. म्हातारे खाटेवर बसून संत्री निवडत होते. त्यांच्या पत्नी, बनाबाई, पाणी आणायला उठल्या, तर पंपाची मूठ लटपटत होती, नट ढिला झालेला. माझ्या सवयीने मी महादेवरावांना म्हटलं, पाना द्या, आवळून देते. तर बनाबाई म्हणाल्या, "पाना सुनेजोळ हाय. हे नाई लावत हात. साधा खिळा नाई ठोकत घरात. माह्या हातानं बिघडते म्हनतात."

सर, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, मनात राग धरून बसले असतील, मालकाला शिव्या देत असतील. तसं काही नाही. त्यांनी ते मान्य केलं होतं. चौतीस वर्षं त्यांना खात्री आहे, की आपला हात एका महिन्यात अचानक वाईट झाला, आणि का झाला ते आपल्यालाच कळलं नाही. 

मी पत्र वाचून दाखवलं, सगळं. ते संत्री निवडत राहिले. चांगली एकीकडे, डागाळलेली एकीकडे. वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे माहा हात बरोबर होता?"

मी म्हटलं, हो काका. सर लिहितात, तुमच्यासारखा कारागीर त्यांनी पुढे पाहिला नाही.

ते रागावले नाहीत. रडलेही नाहीत. दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि मलाच विचारलं, "आता हात चांगला निघून मी काय करू, पोरी?"

परत येताना कलाबाई पूर्ण रस्ता पदराने डोळे पुसत होत्या. 

तुम्ही थकला आहात, हे खरं असेल. पण हा प्रश्न माझा नाही सर, आणि मी तो वागवणार नाही. माझ्याकडे मेथी आहे, बस आहे, मशीन आहे. महादेवराव दुपारी घरीच असतात. जानेफळहून सकाळी निघालात तर खामगावला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचता. त्यांना ऐकायला चांगलं येतं. तुम्हाला येत नाही, तर मी शेजारी बसून त्यांचं बोलणं कागदावर लिहून देईन. तुमचं मात्र तुम्हीच बोलायचं.

संजीवनी


जानेफळ
२३ नोव्हेंबर २०२४

चि. संजीवनी, आशीर्वाद.

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतो. तुझ्या काकू सोबत येते म्हणाल्या, मी नको म्हटलं. त्यांनाही काल पहिल्यांदाच सांगितलं.

महादेवरावने विचारलं त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पत्र आल्यापासून शोधतोय. तरी येतो.

उकंडराव